नोव्हेंबरपर्यंत मोठं

गिंतासने चौकटीच्या कागदावर ते घर काढलंय,
एका चौकटीत अर्धा मीटर.
आमचा सोफा त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा
आणि भोवती इतकी पांढरी जागा
की पेन्सिल धरून तो नुसताच थांबतो.

इथे, काउनसमध्ये, चौथ्या मजल्यावर
दोन खोल्या, पाच माणसं, एक बाथरूम.
मिग्ले पंधराची झाली. कपडे बदलते
कपाटाचं दार उघडं धरून, त्याच्या आड.
तेवढं एक दार तिचं आहे.
हे मी विसरत नाही. हे पहिलं.

दुसरं हप्त्यांचं नाही,
हप्ते गिंतास मोजतो, बँकेहून कडक.
दुसरं हाकेचं.
‘सूप वाढलंय’ असं मी पुटपुटले तरी
इथे चौघांच्या चमच्यांना ऐकू जातं.
किप्रास रात्री खोकला
की मला जाग यायच्या आधी
माझे पाय जमिनीवर असतात.
तिथे मी जिन्याखालून तीनदा हाक मारली
आणि वरून माझाच आवाज परत आला,
जरा दमून.

एजंटबरोबर गेलो तेव्हा मे महिना होता.
सफरचंदं फुललेली, खिडक्या सताड उघड्या,
घर कसं, लग्नाला निघालेल्या मावशीसारखं.
म्हणून म्हटलं, पुन्हा जाऊ. एजंटला न सांगता,
अंधार पडल्यावर, पावसात.
माणूस बघावं आजारपणात
आणि घर नोव्हेंबरात.

दार पेत्रोनेलेबाईंनी उघडलं.
ब्याऐंशी वर्षं, अंगात दोन स्वेटर.
आम्हाला स्वयंपाकघरात नेलं
आणि तिथेच थांबवलं.
पलंग तिथेच होता, चुलीला लागून.
शिवणयंत्र, टीव्ही, मुलांचे फोटो, कांद्याच्या माळा,
सगळा संसार त्या एका दिव्याखाली.
बाकीच्या चार दारांच्या फटींत
जुन्या चादरी गुंडाळून कोंबलेल्या,
जखमेत कापूस भरतात तशा.
‘घर मोठं आहे,’ बाई म्हणाल्या, ‘नोव्हेंबरपर्यंत.
मग एवढं.’
आणि पलंगापासून चुलीपर्यंतची हवा
हाताने दाखवली.

चहा देताना म्हणाल्या,
एक डब्लिनला गेली, एक ओस्लोला,
एक वर टेकडीवर, चर्चच्या मागे.
थोड्या वेळाने कळलं,
त्या खोल्यांबद्दल बोलत होत्या.

परतताना गाडीत फक्त वायपर बोलत होता.
मग गिंतास : बॉयलर बदलावा लागेल.
मग मागून मिग्ले :
वरच्या डावीकडच्या खोलीला आतून कडी आहे.
मे महिन्यात एकदा पाहिलेली कडी
पोरीने सहा महिने जपून ठेवली होती.

सासरे घरीच होते, त्यांच्या खिडकीशी.
दिवसभर ट्रॉलीबस मोजतात.
सात नंबर उशिरा आली तर शिव्या देतात,
वेळेवर आली तर संशय घेतात.
त्यांनी एकच विचारलं,
‘तिथे खिडकीतून काय दिसतं?’
कुंपण, मी म्हटलं. पलीकडे शेत.
‘आणि शेत किती वाजता येतं?’

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंच आहे.
पण इथे पाय वाढायचे थांबत नाहीत,
किप्रासचे बूट दर हिवाळ्यात नवे.
आणि एक दिवस हेच पाय
डब्लिनला जातील, ओस्लोला जातील,
तेव्हा चादरी कोण गुंडाळेल,
मी की गिंतास?

रात्रीचे दोन वाजलेत. भिंतीपलीकडे
चार जणांचे चार श्वास, मला पाठ असलेले.
गिंतासची पेन्सिल घेऊन मी
पाचही पलंग स्वयंपाकघराच्या चौकटीत बसवून बघते.
मावतात. एकमेकांना खेटून, पण मावतात.

मग मिग्लेचा खोडते,
वर नेते, डावीकडे,
आणि तिच्या दाराला, आतून,
कडी काढते.